वाणातल्या गोळ्या आणि पहाटेचा बिबट्या

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला हल्ली वाण म्हणून कोण काय देईल याचा नेम राहिलेला नाही. आमच्या सासूबाईंच्या काळात बोरं, हरभऱ्याचे घाटे, उसाची कांडी, फार तर एखादा कंगवा. मग प्लॅस्टिकचे डबे आले, मोबाईल ठेवायच्या पिशव्या आल्या, चहाच्या गाळण्या आल्या. गाळण्या तर माझ्याकडे इतक्या जमल्यात की दारात चहाची टपरी टाकावी. पण औषधाच्या गोळ्या वाणात आलेल्या मी अवंदाच बघितल्या.

दिल्या त्या आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर मेडिकल आहे ना, त्याच्या मालकाच्या बायकोनं. ती शेवगावकडची, तोंडानं फटकळ पण मनानं सरळ. तिनं प्रत्येकीच्या ओटीत तिळाची वडी घातली आणि ताकदीच्या गोळ्यांची दोन-दोन पाकिटं. म्हणाली, सासऱ्याच्या गोळ्या तुम्ही वेळेवर देता, नवऱ्याच्या देता, पोराला सर्दी झाली तर पळत माझ्या दुकानात येता, स्वतःसाठी कधी कोणी आलीय का? खरंच कोणी गेलेली नव्हती. आमच्या गल्लीत आता हळदीकुंकवाला नवरा असलेली, नसलेली असं काही बघत नाहीत, सगळ्यांनाच बोलावतात, म्हणून मीही गेले होते. मलाही दोन पाकिटं मिळाली.

आता वाणाचा कायदा तुम्हाला ठाऊकच असेल. वाणाला नाही म्हणायचं नाही, ते दुसऱ्याला द्यायचं नाही, आणि नुसतं फळीवर ठेवूनही द्यायचं नाही, वापरायचं. गाळणीचं ठीक आहे, कधीतरी वापरली तरी चालते. गोळ्यांचं काय करणार? गल्लीतल्या आम्ही सगळ्या बाया त्या रोज घ्यायला लागलो. ज्यांना काही होत नव्हतं त्यासुद्धा. आणि सकाळच्या गडबडीत कुणाला सुचत नाही, म्हणून बहुतेक जणी रात्री जेवून, भांडी आवरून, अंथरुणावर बसून घ्यायच्या.

त्यानंतर आमच्या गल्लीला स्वप्नं पडायला लागली.

म्हणजे आधी पडत नव्हती असं नाही. पण आधीचं स्वप्न कसं असायचं, उठून बसलं, केस बांधले, की गेलं. हे तसं नव्हतं. माझंच सांगते. मला स्वप्न पडलं की आमची जुनी म्हैस, जिला विकून कितीतरी वर्षं झाली, ती बँकेत साहेबाच्या खुर्चीवर बसलीय आणि माझ्या सहीकडे संशयानं बघतेय. यात हसण्यासारखं सगळं आहे, पण म्हशीच्या शिंगांना लावलेल्या तेलाचा वास मला जागी झाल्यावरसुद्धा येत होता. खुर्चीच्या कापडाचा हिरवा रंग आजही सांगू शकते. समोरच्या घरातली तर रोज स्वप्नात अख्ख्या गावाच्या पंगती वाढायची आणि सकाळी उठायची ती कंबर धरून. नळावर आमच्या या गप्पा चालायच्या. पाणी भरून झालं तरी कोणी हलेना. पुरुषमाणसं म्हणायची, या बायांनी आता मालिका बघायच्या सोडल्यात, एकमेकींच्या बघतात.

त्या गप्पांत माझी धाकटी जाऊ पण असायची. आमची दोन घरं एकाच अंगणात, मध्ये फक्त तुळस आणि पाण्याची टाकी. दीर स्वभावानं गरीब, गाईंच्या मागं असतात. जाऊ मात्र चौकस, भित्री आणि मायाळू, तिन्ही एकदम. तिच्या पायाला बरेच दिवस मुंग्या येत होत्या, म्हणून संगमनेरच्या डॉक्टरीणबाईंच्या गोळ्या तिला आधीच चालू होत्या. त्यात हे वाण आलं. तिनं दोन्ही घ्यायला सुरुवात केली. डॉक्टरांचं ऐकायचं आणि वाणाचाही मान ठेवायचा, तिच्या हिशेबानं दोन्ही बरोबरच होतं.

तिचा मुलगा चाकणला कंपनीत आहे, सुट्टीला येतो. सून घरीच. गुणाची पोर. शिकलेली आहे, दुधात काय काय वाढतं ते यंत्राखाली बघायचं, असलं काहीतरी शिक्षण तिचं. लग्न झाल्यापासून ते सगळं पेटीत बंद. गाईंच्या धारा, भाकरी, सासऱ्यांचा डबा. तिनं कधी तोंड वाकडं केलं नाही. आणि संक्रांतीच्या आसपासच तिला संगमनेरच्या एका डेअरीतून बोलावणं आलं. तिथल्या प्रयोगशाळेत जागा होती. मार्चच्या एक तारखेला हजर व्हायचं, नाहीतर दुसऱ्याला घेणार. जाऊ आधी खूश झाली होती हो. तिनंच पेढे वाटले. मुलानं जुनी स्कूटी आणून दिली, पोरीनं गल्लीतच चालवायला शिकून घेतली.

मग जाऊला ते स्वप्न पडलं.

आमच्या वाडीपासून मोठ्या रस्त्यापर्यंतचा रस्ता दोन्ही बाजूंनी उसातून जातो. आमच्या भागात बिबट्या ही काही गोष्टीतली वस्तू नाही. उसातच त्यांची पिल्लं होतात, आणि तोड सुरू झाली की ते सैरभैर होतात. कुणाची शेळी नेली, कुणाचं कुत्रं नेलं, हे आम्ही पावसाच्या बातमीसारखं ऐकतो. तर जाऊच्या स्वप्नात त्या रस्त्यावर सुनेची स्कूटी आडवी पडलेली. सून कुठं दिसत नाही. आणि कडेला बिबट्या बसलेला.

"गाडीचा दिवा चालू हाय अक्का, चाक फिरतंय," ती मला सांगत होती. "आन त्यो तिकडं बघत न्हाई. माझ्याकडं बघतोय."

आमच्या घराण्यात एक रीत आहे. वाईट स्वप्न माणसाला सांगायच्या आधी वाहत्या पाण्याला सांगायचं, म्हणजे ते वाहून जातं. पूर्वी बाया पाटावर जायच्या. आता पाटाला आवर्तन असेल तेव्हाच पाणी, म्हणून आम्ही नळाला सांगतो. पण नळाला पाणी येतं एक दिवसाआड. आता बघा तिचे हाल. स्वप्न रोज, पाणी एक दिवसाआड. एक स्वप्न वाहून जायच्या आत दुसरं येऊन बसायचं. ज्या दिवशी पाणी नसेल त्या दिवशी ती बिचारी पदर तोंडाला लावून नुसती बसून राहायची, कुणाशी बोलायची नाही. मला सांगितलं ते पाण्याला सांगून झाल्यावरच.

पहाटेचं स्वप्न खरं होतं हे तिच्या डोक्यात पक्कं. तिनं सुनेला काही समजावलं नाही, भांडलीही नाही. नुसतं म्हणाली, नोकरीचं राहू दे या वर्षी. स्कूटीवर गोधडी टाकून ती गोठ्याच्या मागं नेऊन ठेवली. मुलाला फोन केला, तर तो म्हणाला आई म्हणते तसं करा. म्हणायला काय जातं, तो चाकणला.

मुलाला आईची काळजी होती मात्र. आई झोपत नाही म्हटल्यावर त्यानं मोबाईलवरून झोपेच्या गोळ्या मागवून दिल्या. कडक औषध नव्हे, लहान मुलांच्या जेलीसारख्या चघळायच्या, गोडसर. बाटलीवर चंद्राचं चित्र. जाऊनं मला विचारलं, एकादशीला चालतील का? मी म्हटलं, साबुदाणा नाही त्यात एवढं मला दिसतंय, बाकी पांडुरंगाला माहीत. तिनं त्यापण सुरू केल्या. म्हणजे आता तिसरी. आणि बिबट्या जो लांब बसायचा तो अंगणात यायला लागला.

दीर एकदा मला म्हणाले, "वहिनी, उसातला बिबट्या वनखात्यानं तरी पिंजरा लावून नेला असता. हिच्या उशाखालचा कोण नेणार?" त्यांनी हसत सांगितलं, पण माणूस रडकुंडीला आलेला. रोज पहाटे ती ओरडून उठायची, मग सगळं घर जागं.

सून एके दुपारी माझ्याकडे आली. हातात भाजी निवडायला घेऊन, म्हणजे कुणी बघितलं तर भाजी निवडतेय असं वाटावं. आधी बराच वेळ मेथीच निवडली. मग पदराआडून दोन पाकिटं काढली, एक वाणातलं, एक डॉक्टरांचं, आणि मागच्या बाजूची बारीक अक्षरं मला वाचून दाखवली. दोन्हीत तीच जीवनसत्त्वं होती, फक्त रंग वेगळे आणि नावं वेगळी. म्हणाली, आत्या दोन्ही घेतात, तेही रात्री, वर ती जेली. मीही वाणातल्या घेतल्या आठ-दहा दिवस, मलाही फार स्वप्नं पडायला लागली म्हणून मी सकाळी घ्यायला लागले, तर कमी झाली.

मी म्हटलं, मग हे तिला सांग की.

"मी कशी सांगू मोठ्या आई? मी सांगितलं तर नोकरीसाठी सांगते म्हणतील." मग म्हणाली, "आणि ते खरंच आहे. नोकरीसाठीच सांगतेय."

मला ते तिचं बोलणं आवडलं. मी तिला म्हटलं, तू जा, मेथी घेऊन जा आणि गप्प बस. एक तारीख जवळ आली होती.

दुसऱ्या दिवशी मी जाऊला म्हटलं, माझे गुडघे लई दुखतात, डॉक्टरीणबाईंकडे चल माझ्यासोबत, तुझ्या मुंग्यांचंही विचारू. गुडघे माझे दुखतातच, खोटं काही नव्हतं. दुधाच्या टेम्पोत पुढं बसून गेलो दोघी. टेम्पो उसाच्या रस्त्यानं निघाला तसा जाऊनं माझा हात धरला तो मोठा रस्ता लागेपर्यंत सोडला नाही.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत, पण ऐकून घेतात. आधी माझे गुडघे बघितले. मग मी जाऊला कोपरानं ढोसलं, दाखव काय काय घेतेस ते. तिनं कापडी पिशवीतून सगळं काढून टेबलावर मांडलं, वाणाचं, डॉक्टरांचं, चंद्राच्या चित्राची बाटली. बाईंनी तिन्ही हातात घेऊन बघितल्या. रागावल्या नाहीत. कोणत्या वेळी घेता, झोप कशी लागते, मध्ये किती वेळा मोडते, असं विचारत गेल्या. स्वप्नाचं जाऊ सांगायला तयार नव्हती, कारण त्या दिवशी नळाला पाणी नव्हतं. मग बाईंनी हात धुवायच्या भांड्याचा नळ सोडला आणि म्हणाल्या, सांगा. जाऊनं खरंच उठून आधी त्या नळाला हळू आवाजात सांगितलं, मग बाईंना. मला अजूनही ते आठवलं की डोळ्यात पाणी येतं. एवढं शिकलेलं माणूस, बाहेर पेशंटची रांग, आणि हसली नाही ती.

त्यांनी जे सांगितलं ते मला समजलं तसं लिहिते. यातलं एक ब जीवनसत्त्व जास्त झालं तर काही जणांना स्वप्नं ठळक दिसतात, लक्षात राहतात. सगळ्यांना होतं असं नाही, आणि तुम्हाला त्यामुळंच झालं असं छातीठोक मी सांगणार नाही, असंही म्हणाल्या. झोपेच्या त्या जेलीनंही कुणाकुणाला तसं होतं. शिवाय झोप सारखी मोडली की स्वप्न मधूनच पकडलं जातं, गाढ झोपणाऱ्यालाही पडतात, पण त्याला आठवत नाहीत. आणि एक महत्त्वाचं म्हणजे हेच जीवनसत्त्व फार दिवस फार घेतलं तर मुंग्या कमी व्हायच्या ऐवजी वाढूसुद्धा शकतात. म्हणून एकच चालू ठेवायची, ती सकाळी नाश्त्यानंतर, बाकी बंद. आणि यापुढं कुणी प्रेमानं दिलं तरी आधी मला दाखवायचं.

"पण वाण हाय ते," जाऊ म्हणाली.

बाईंनी पाकीट उलटून मागची तारीख बघितली. मग म्हणाल्या, मग वाण माझ्याकडे ठेवून जा, एक्सपायरी होईपर्यंत मी सांभाळते. जाऊनं नमस्कार करून पाकिटं त्यांच्या ड्रॉवरमध्ये ठेवली.

मला वाटलं होतं आता सुटलो. आणि स्वप्न सुटलंही. हळूहळू बिबट्या अंगणातून रस्त्यावर गेला, मग लांब बसायला लागला, मग एका सकाळी जाऊ उठली तर तिला काहीच आठवेना. मी म्हटलं, चला. तर ही त्या दिवशी जास्तच घाबरलेली. टाकीजवळ बसून राहिली. मी जवळ गेले तर म्हणाली, अक्का, आता मला कळणार कसं? आधी दिसत तरी होतं. तुम्ही गोळी बंद केली म्हणून उसातला बिबट्या थोडाच गेलाय.

खरंच होतं ते. मी माझ्या म्हशीचं सांगितलं. म्हटलं, अगं माझी म्हैस साहेब झाली का बँकेत? समोरचीनं गावजेवण घातलं का? गल्लीतल्या एवढ्या बायांची एवढी स्वप्नं, एक तरी खरं झालं?

"तुमच्या म्हशीला कोन खातंय," ती म्हणाली.

सून तिथंच भांडी घासत होती, आमच्याकडे पाठ करून. तिचा हात थांबला. तिनं मान न वळवताच बोलायला सुरुवात केली, आणि मला वाटतं तोंड समोर असतं तर ती बोललीच नसती.

"मलाही पडायचं आत्या. तुम्ही कधी विचारलं नाही. मी भाकरी थापतेय, थापतेय, आणि परातीतलं पीठ कमीच होत नाही. सगळे जेवून उठलेत, दिवे मालवलेत, तरी मी थापतेय. मला कुणी खात नव्हतं त्यात. पण तुम्ही ओरडून उठायचात ना, मी न ओरडता उठायची."

एवढंच बोलली. मग परत घासायला लागली. मला वाटलं आता भांडण होणार, किंवा रडारड. काही झालं नाही. जाऊ उठली, आत गेली. त्या संध्याकाळी भाकरी तिनं केल्या. सुनेला चुलीपाशी येऊ दिलं नाही, म्हणाली तू बस. पोर घाबरून माझ्याकडे बघायला लागली. मी खुणावलं, बस.

दुसऱ्या दिवसापासून जाऊ कामाला लागली. म्हणजे तिच्या पद्धतीनं. आधी दिरांना विचारलं की कुणाकुणाच्या उसाची तोड झालीय. मग कळलं की पाटाच्या कडेचा रस्ता लांबचा आहे, पण तिथं दोन्ही बाजूला कांदा आणि जनावरांचा घास, माणसाच्या कमरेएवढंही काही नाही. मग दूध टेम्पोवाल्याला बोलावून चहा पाजला आणि ठरवून टाकलं की सकाळी तो पुढं, सूनबाई त्याच्या मागं. संध्याकाळचा प्रश्न राहिला. त्यासाठी तिनं सुनेला डेअरीत फोन लावायला सांगितला, स्वतः बोलली, की आमची सून अंधार पडायच्या आत घरी यायला पाहिजे, ती हुशार हाय, तुमचं काम लवकर करील. पलीकडच्या माणसानं काय म्हटलं ते मला माहीत नाही, पण सून कपाळाला हात लावून बसली होती. स्कूटीवरची गोधडी मात्र निघाली.

एक तारखेला आणखी एक गंमत. जाऊ सकाळीच नऊवारी नेसून, डोक्याला रुमाल बांधून तयार. म्हणाली, पहिल्या दिवशी रस्ता मी बघणार. स्कूटीवर कधी बसलेली नाही हो ती. दिरांनी आणि मी धरून तिला मागं बसवली, एका बाजूला दोन्ही पाय करून. एका हातानं सुनेचा खांदा घट्ट धरलेला, दुसऱ्या हातात मोबाईल, त्यावर भजन मोठ्यानं लावलेलं, कारण आवाज असला की जनावर जवळ येत नाही म्हणतात. सून म्हणाली, आत्या, खांदा निखळेल. जाऊ म्हणाली, निखळू दे, गाडी बघ पुढं. गल्लीतल्या सगळ्या बाया दारात उभ्या होत्या. मेडिकलवाली दुकानाच्या पायरीवरून ओरडली, सासूबाई, पडू नका, पट्ट्या संपल्यात माझ्याकडल्या.

दुपारी जाऊ टेम्पोनं परत आली ती थेट माझ्याकडे. बिबट्याचं नाव नाही. सगळं सांगत होती त्या प्रयोगशाळेचंच. पांढरा कोट घातला सुनेला, केसांवर टोपी, तोंडाला फडकं, मी ओळखलंच न्हाई अक्का, शेजारचीलाच आपली समजून बोलत बसले. आणि काचेच्या नळ्या धरून उभी होती तर सगळे तिला मॅडम म्हणत होते. मॅडम हा शब्द तिनं बऱ्याचदा म्हणून दाखवला.

आता कितीतरी महिने झाले. सून रोज जाते. जाऊच्या मुंग्या थोड्या कमी आहेत, अजून पूर्ण गेल्या नाहीत. स्वप्नं पडतात का विचारलं तर म्हणते, पडत असतील, आठवत नाहीत. पण संध्याकाळ झाली की ती हातातलं काम टाकून फाटकापाशी येऊन उभी राहते. पाटाच्या रस्त्याला स्कूटीचा दिवा दिसेपर्यंत आत येत नाही. चहाला हाक मारली तर म्हणते, थांबा अक्का, येऊ दे तिला. मग मीही जाऊन तिच्याशेजारी उभी राहते.